झिपलाइनवर अर्ध्यात अडकलेली आठ वर्षांची मुलगी : एका हिवाळी सहलीचं प्रकरण

हे प्रकरण मागच्या डिसेंबरमधलं आहे. मी एका गिर्यारोहण संस्थेत दोरकाम आणि बचावाचं प्रशिक्षण देतो. मुलीचे बाबा माझ्या ओळखीचे. त्या दिवशी मी तिथे नव्हतो. पुढच्या आठवड्यात घरच्या सगळ्यांशी निवांत बोललो, आणि जानेवारीच्या शेवटी त्या साहसी केंद्रावर जाऊन मालक, सुपरवायझर आणि झिपलाइनवरच्या दोन्ही पोरांना भेटलो. दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने सांगितलं, म्हणून हे लिहिता येतंय. नावं कुणाचीच देत नाही. मुलीला आपण चिऊ म्हणू. झिपलाइन म्हणजे उंचावर ताणलेल्या केबलला पुलीने लटकून या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळत जायचा खेळ.

चिऊ सुखरूप आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही.

पार्श्वभूमी

कुटुंब पुण्यातलं. दोन गाड्या, नऊ माणसं: आजी-आजोबा, आई-बाबा, तेरा वर्षांचा दादा, आठ वर्षांची चिऊ, आत्या, तिचे यजमान आणि त्यांचा पाच वर्षांचा मुलगा. आजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय ६८. आजोबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जास्त चढ-उतार नको, सगळ्यांना एकत्र बसता येईल आणि मुलांना धमाल करता येईल अशी जागा हवी होती. नाताळच्या सुट्टीतला रविवार ठरला.

केंद्र पवन मावळात, धरणाच्या पाण्यापासून थोडं आत. समोर तिकोना, पलीकडे तुंग, मागे लोहगड-विसापूरची जोडी. हिवाळ्यात हा भाग फार देखणा असतो. भात कापून खाचरं मोकळी झालेली असतात, सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि गवत सोनेरी झालेलं असतं. म्हणूनच डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अख्खं पुणे आणि निम्मी मुंबई तिकडे लोटते.

घरातून साडेसहाला निघायचं ठरलं होतं. निघाले आठला. कामशेतला डावीकडे वळेपर्यंत हायवेवर गर्दी लागली आणि केंद्रावर पोचायला अकरा वाजले. हा उशीर इथे मुद्दाम नोंदवतोय, पुढे त्याचा संबंध येतो.

केंद्र नोंदणीकृत होतं. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा ठिकाणांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. इथे ते प्रमाणपत्र काउंटरच्या मागे फ्रेम करून लावलेलं होतं. हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना आवळायचे पट्टे) चांगल्या प्रतीचे होते, हेल्मेट नवी होती, केबलची तपासणी वहीत नोंदलेली होती. मी स्वतः ती वही पाहिली. हे एखादं भोंगळ, रस्त्याकडेचं दुकान नव्हतं. तिथली माणसं मनापासून काम करणारी आहेत, आणि तरीही जे झालं ते झालं. म्हणूनच हे प्रकरण मला लिहिण्यासारखं वाटतं.

झिपलाइन साधारण २३० मीटर लांब. पूर्वेच्या टेकडीवर लोखंडी मनोरा, ६२ पायऱ्यांचा. मधे ओढा. पश्चिमेला ओढ्यापलीकडे लाकडी फलाट. मधल्या भागात खालची जमीन चाळीसेक फूट खोल.

दिवस कसा गेला

नाश्त्याला पोहे आणि गवती चहा घातलेला चहा. मग दोरांचा झुलता पूल, धनुष्यबाण, भिंत चढणं. चिऊ भिंतीवर शेवटपर्यंत गेली आणि वरची घंटा दोनदा वाजवून आली. दादा अर्ध्यातून उतरला, हे तिने दिवसभर त्याला ऐकवलं. आजोबा चाफ्याखाली खाटेवर बसून होते. आजींनी धाकट्या नातवाला हाताला धरून सगळं फिरवलं.

झिपलाइनला सकाळी एका कंपनीचा चाळीस जणांचा गट होता. सुपरवायझरने सांगितलं, "आत्ता थांबलात तर दीड तास लागेल. जेवून घ्या, दुपारी निवांत करा." आजोबांच्या गोळ्यांची वेळ झाली होती, सगळ्यांना भूक लागली होती. पिठलं, भाकरी, भरीत, ठेचा, इंद्रायणीचा गरम भात. जेवण लांबलं, मग थोडा वेळ सगळे लवंडले. झिपलाइनच्या मनोऱ्याखाली हे लोक पोचले तेव्हा साडेचार होत आले होते.

मावळात हिवाळ्याची सकाळ बहुधा स्तब्ध असते. दुपारी तीनच्या पुढे पश्चिमेकडून वारा सुरू होतो. कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग करणारी मंडळी याच वाऱ्याची वाट पाहत बसलेली असतात. झिपलाइनवर चिऊ पूर्वेकडून पश्चिमेला, म्हणजे थेट त्या वाऱ्याच्या तोंडावर जाणार होती.

तिच्या अंगात दादाचा जुना विंडचिटर होता, दोन मापं मोठा, बाह्या दुमडलेल्या. आधीच्या आठवड्यात तिला खोकला झाला होता म्हणून आजींनी तो घालायला लावला होता. पायऱ्या चढून गरम झालं म्हणून वर पोचल्यावर तिने त्याची चेन उघडली. हार्नेसचे पट्टे विंडचिटरवरून आवळले होते. त्याआधी पायथ्याशीच आईने पट्ट्यांखाली बोटं घालून पाहिली आणि एक पट्टा पुन्हा घट्ट करून घेतला. तिथे तिने बरोबरच केलं.

वर मनोऱ्यावर

या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं इथली आहेत.

वरचा पोरगा वीस वर्षांचा, शेजारच्याच वाडीतला. मनोऱ्याच्या कठड्याला त्यांनी लाल कापडाची पट्टी बांधून ठेवलेली असते. त्याने त्या पट्टीकडे पाहिलं, मग चिऊकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाला, "दादा, वारा आहे. ताई बारीक आहे. जोडीने सोडू का? माझ्यासोबत येईल. दोनशे रुपये एक्स्ट्रा पडतील."

बाबांनी नंतर मला जे सांगितलं ते असं: "मला वाटलं, झालं, हा अजून एक चार्ज. फोटोचे वेगळे, लॉकरचे वेगळे, आता हे. दोनशेचं काही नव्हतं रे. पण सकाळपासून तेच चाललं होतं." शिवाय चिऊ हट्टाला पेटली होती. दादा एकटा गेला, मग मी का नाही? भिंत तर मीच चढले!

बाबा म्हणाले, "एकटीच जाऊ दे."

पोराने एकदाच विचारलं, पुन्हा विचारलं नाही. त्याला नाही म्हणण्याचा अधिकारच नव्हता. फलकावर लिहिलेलं होतं: उंची किमान चार फूट, वजन जास्तीत जास्त ९० किलो. चिऊ चार फुटांच्या खुणेला लागत होती. कमीत कमी वजनाबद्दल फलकावर काहीच नव्हतं. तिचं वजन २१ किलो.

अडचण

चार पन्नासला चिऊ सुटली. पहिले शंभर-सव्वाशे मीटर ती छान गेली, ओरडली, हात हलवला. मग विंडचिटर फुगला. खाली उभ्या असलेल्या आत्याला तो पाठीवर शिडासारखा फुगलेला स्पष्ट दिसला. वेग कमी झाला. पलीकडच्या फलाटापासून पन्नास-पंचावन्न मीटरवर ती थांबली, थोडी मागे घरंगळली आणि ओढ्याच्या बरोब्बर वर, केबलच्या सगळ्यात खालच्या जागी झुलत राहिली.

असं का होतं, ते थोडं सांगतो. झिपलाइनची केबल सरळ रेषेत नसते, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी तिला झोळ असतो. बऱ्याच ठिकाणी शेवटचा टप्पा मुद्दाम किंचित चढाचा ठेवतात, म्हणजे माणूस आपोआप हळू होऊन फलाटावर येतो. तो चढ पार करायला आधी कमावलेला वेग लागतो. जड माणसाला खाली ओढणारं बळ जास्त असतं, पण वाऱ्याचा अडथळा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. लहान मुलाचं उलटं होतं. वजन चौथा हिस्सा, पण वाऱ्याला अडवणारं अंग काही चौथा हिस्सा नसतं. त्यात समोरून वारा आणि अंगात फुगणारा कपडा. म्हणून झिपलाइनला जशी वरची वजनमर्यादा लागते तशीच खालचीही लागते, आणि ती वाऱ्याप्रमाणे बदलावी लागते. त्याच दिवशी सकाळी त्याच केबलवरून चिऊएवढीच दोन मुलं आरामात पलीकडे गेली होती. म्हणूनच कुणाला धोका वाटला नाही.

दुसरी गोष्ट लटकण्याची. हार्नेसमध्ये स्थिर लटकून राहिलं की पायातलं रक्त वर चढायला त्रास होतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलत असतात, लटकलेल्या माणसाचे स्नायू स्वस्थ असतात आणि मांडीचे पट्टे दाबत असतात. काही मिनिटांतही चक्कर येऊ शकते, आणि बेशुद्ध होऊन तसंच लटकत राहिलं तर जिवावर बेतू शकतं. केबल तुटेल का, याची भीती सगळ्यांना वाटत होती, पण ती तुटणार नव्हती. खरं भान वेळेचं ठेवायला हवं होतं, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत कुणालाच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय चिऊने स्वतःच केबल धरून हाताने ओढत पुढे जाण्याचा. वरून सगळे तेच ओरडून सांगत होते. मोठ्या माणसांना हे जमतं, हातमोजे असतील तर. आठ वर्षांच्या मुलीचा हात पुलीच्या वर केबलपर्यंत पोचतही नव्हता. तिने दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा ती तिरकी झाली आणि रडायला लागली. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण लटकलेल्या मुलाला न जमणारं काम सांगितलं की त्याची भीती दुप्पट होते.

दुसरा पर्याय बाबांचा. ते वर मनोऱ्यावरच होते, हार्नेस अंगात होता. "मी जातो मागून, तिला ढकलत नेतो." त्यांनी पुली उचललीही होती. वजन ८४ किलो. वरून सुटले असते तर ब्रेक लावायला काही साधन नव्हतं. ते पूर्ण वेगात जाऊन थांबलेल्या मुलीवर आदळले असते. हे त्यांना त्या क्षणी दिसत नव्हतं, कुणाच्याही बापाला दिसलं नसतं. त्या वीस वर्षांच्या पोराने त्यांच्या कॅराबिनरवर (हार्नेस जोडायच्या कडीवर) आपला पंजा घट्ट झाकून धरला आणि म्हणाला, "दादा, नाही. तुम्ही जोरात आपटाल तिला." बाबांनी त्याला ढकललं. त्याने हात काढला नाही. मला तो हात फार मोठा वाटतो. दहा मिनिटांपूर्वी ज्याला नाही म्हणता आलं नव्हतं, तो आता म्हणत होता.

तिसरा पर्याय अग्निशमन दलाला किंवा बाहेरच्या बचाव पथकाला बोलवायचा. ते यायला किती वेळ लागेल कोण सांगणार? सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराआड तो त्याआधीच जातो. अंधारात ओढ्यावरचं काम दुप्पट अवघड झालं असतं. तरी आत्याने १०८ ला फोन केला. पलीकडून गाव विचारलं आणि आत्याला गावाचं नाव सांगता येईना. केंद्राचं नाव माहीत होतं, मोबाइलवर नकाशा होता, पण महसुली गाव कोणतं ते नाही. शेवटी स्वयंपाकघरातल्या मावशींनी फोन हातात घेऊन वाडी, गाव आणि फाटा सांगितला.

चौथा पर्याय केंद्राकडे असलेल्या बचाव दोराचा. एकाने खालच्या फलाटावरून दोराला बांधून घेऊन चिऊपर्यंत जायचं, तिला स्वतःला जोडायचं आणि बाकीच्यांनी दोघांना ओढून घ्यायचं. हाच बरोबर मार्ग होता, आणि सुपरवायझरने कळल्याबरोबर हाच निवडला. पण दोर, जादा पुली आणि स्लिंग (जोडायच्या मजबूत पट्ट्या) हे सगळं वरच्या मनोऱ्याखालच्या खोलीत कुलपात होतं. किल्ली सुपरवायझरकडे, आणि तो मागच्या बाजूला रात्रीच्या शेकोटीची लाकडं उतरवून घेत होता. दोर लागणार होता खाली, पश्चिमेच्या टोकाला.

प्रत्यक्षात काय केलं

चार त्रेपन्नला वॉकीटॉकीवरून निरोप गेला. सुपरवायझर पळत आला, कुलूप उघडलं, एका पोराने दोराची पिशवी खांद्यावर टाकली आणि ओढ्यातून पलीकडे धावला. दोर फलाटावर पोचला तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती. म्हणजे चौदा मिनिटांतली बहुतेक सगळी किल्ली आणि धावपळीत गेली.

तेवढ्या वेळात चिऊला कुणी सांभाळलं? आजींनी.

त्या ओढ्याच्या काठावर, चिऊच्या जवळजवळ खाली येऊन उभ्या राहिल्या. सगळीकडून आवाज येत होते, पाच-सात जण मोबाइल वर धरून उभे होते. आजींनी आधी वर्गावर ओरडावं तसं "सगळे गप्प बसा!" म्हटलं, आणि सगळे गप्प बसले. मग वर पाहून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चिऊ, इकडे बघ. माझ्याकडे. सातचा पाढा म्हणायचा. एकेका आकड्याला एक पाय जोरात झाडायचा, सायकल मारतो तसा. चल. सात एके सात."

वरून काही येईना. आजींनी पुन्हा म्हटलं, "सात एके सात. पाय कुठाय?"

एक पाय हलला. सात दुणे चौदा. दुसरा पाय. सात त्रिक एकवीसला आवाज आला. सातचा झाल्यावर आठचा, मग नऊचा. बाराच्या पाढ्यावर ती अडखळली तेव्हा आजींनी तिला मागून पुन्हा घ्यायला लावलं, एक ओळही सोडू दिली नाही.

लटकलेल्या माणसाने पाय हलवत राहावेत हे आजींना ठाऊक होतं का? मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही. मला एवढंच कळत होतं की ती गप्प झाली होती. गप्प झालेल्या मुलाला काहीतरी काम द्यायचं असतं." प्रशिक्षणात आम्ही जे सांगतो, पाय हलवा, गुडघे वर घ्या, बोलत राहा, ते सगळं त्यांनी पाढ्यांत करून घेतलं. त्या दिवसापासून मी माझ्या वर्गात हे सांगतो.

फलाटावरून एक सडपातळ, सरावलेला पोरगा निघाला. त्याच्या हार्नेसला दोन पुल्या, कमरेला मागून दोर, हातात चामडी मोजे. फलाटाकडून चिऊकडे उतार होता, त्यामुळे तो घरंगळत गेला आणि मागच्यांनी दोर हळूहळू सोडत त्याला धरून ठेवलं. पाच दहाला तो तिच्यापाशी पोचला. आधी काही न जोडता तो तिच्याशी बोलला: "मी आलो. आता तुला माझ्याशी बांधतो. तू पाढा चालू ठेव." मग दोन स्लिंगांनी तिचा हार्नेस स्वतःच्या हार्नेसला जोडला, दोन्ही कॅराबिनरचे स्क्रू फिरवून बंद केले, ओढून पाहिले, आणि हात वर केला. आत्याचे यजमान, सुपरवायझर, आचारी आणि ड्रायव्हर अशा चौघांनी दोर ओढला. पाच सोळाला दोघं फलाटावर. चिऊ एकूण सव्वीस मिनिटं लटकलेली होती.

खाली आल्यावर कुणीतरी म्हणालं, लगेच झोपवू नका, पायातलं रक्त एकदम हृदयात जाईल. हा जुना समज आहे आणि साहसी क्षेत्रात अजूनही ऐकू येतो. आता प्रथमोपचारात तसं मानत नाहीत. चक्कर येत असेल तर नेहमीसारखं आडवंच करायचं असतं. चिऊ शुद्धीवर होती, बोलत होती. तिला शालीत गुंडाळून आईच्या मांडीवर घेतलं, हार्नेस काढला, कोमट पाणी थोडं थोडं दिलं. पाय बधिर होते, ते दहाएक मिनिटांत ठीक झाले. मांड्यांवर पट्ट्यांचे लाल वळ होते. १०८ ला फोन करून, मूल खाली आलंय, शुद्धीवर आहे, आता गाडी नको, असं कळवलं. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, सगळं ठीक निघालं.

निर्णयाच्या जागा

मी या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा पाहतो तेव्हा माझी नजर मनोऱ्यावरच्या त्या दोनशे रुपयांवरच जाऊन थांबते.

त्या पोराला धोका कळला होता. त्याने वारा पाहिला, वजन नजरेने तोललं आणि अचूक उपाय सुचवला. त्याचं वजन ५८ आणि चिऊचं २१, म्हणजे ७९ किलो. जोडी नव्वदच्या आत राहून सहज पलीकडे गेली असती. पण हा सल्ला ज्या वाक्यातून आला त्याच वाक्यात किंमत होती. सुरक्षेचा सल्ला आणि विक्री एकाच तोंडून, एकाच दमात आली की ऐकणारा विक्रीच ऐकतो. दिवसभर खिशात हात घातलेल्या माणसाने तर नक्कीच. बाबा स्वतःला फार दोष देतात. मी त्यांना सांगितलं, आणि इथेही लिहितो, की तो निर्णय त्यांच्याकडे यायलाच नको होता. वाऱ्यात अमुक किलोखालचं मूल एकटं सोडायचं की नाही, हे गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं.

दुसरी जागा किल्लीची. केबल, पुली, हार्नेस या सगळ्याची तपासणी नोंदलेली होती, पण बचावाचं सामान कुठे आहे आणि ते किती मिनिटांत हातात येतं, हे कुणी घड्याळ लावून पाहिलं नव्हतं. सराव पावसाळ्यानंतर एकदा झाला होता, आणि तेव्हा खोली उघडी होती. सामान चोरीला जाऊ नये म्हणून दिवाळीनंतर कुलूप लावलं गेलं. कुलूप लावणाऱ्याचंही चुकलं नाही. कुलूप लावल्यावर बचावाला किती उशीर होईल हा प्रश्न कुणी विचारला नाही, एवढंच.

घरच्यांच्या बाजूने पाहिलं तर उशिरा निघणं आणि आधी जेवणं हे निर्णय अगदी साधे, रोजचे. पण हिवाळ्यात दिवस लहान असतो आणि उंचीवरचे खेळ सकाळी, हवा शांत असताना करायचे असतात. दीड तास रांगेत थांबणं परवडलं असतं. आणि लहान मुलांना वर नेताना, "आता नको" हा शब्द कुणाचा चालेल हे खालीच ठरवून जावं. वर गेल्यावर मूल हट्टाला पेटलेलं असतं, मागे रांग असते, आणि बाबा एकटे असतात. आई त्या वेळी पायऱ्यांवर होती. तिला कपड्याची चेन उघडलेली दिसली होती, पण बोलायला ती वर पोचेपर्यंत चिऊ सुटली होती.

वेगळं काय करता आलं असतं

विंडचिटर काढला असता किंवा हार्नेसच्या आत खोचून चेन वर ओढली असती तर चिऊ पोचली असती का? कदाचित. पण त्यावर विसंबू नये. भरवशाचा उपाय वजनाचा होता. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक वजनकाटा आणि फलकावर एक ओळ. मी कुठल्याही केंद्रावर गेलो तर आता आधी दोनच प्रश्न विचारतो: कमीत कमी वजन किती, आणि मधे कुणी अडकलं तर तुम्ही काय करता? दुसऱ्याचं उत्तर माणसाने लगेच, हात दाखवून दिलं पाहिजे: दोर तिथे आहे, हा पोरगा जातो, इतकी मिनिटं लागतात. उत्तर द्यायला जो वेळ लागतो, त्यावरून बरंच कळतं. त्याच वेळी गावाचं नावही विचारून मोबाइलमध्ये लिहून ठेवावं.

परिणाम

चिऊ तीन-चार रात्री दचकून उठली, आईला धरून झोपली. नंतर तिने एकच प्रश्न लावून धरला: दादा गेला तर मी का अडकले? बाबांनी घरात खिडकीपासून दारापर्यंत सुतळी बांधली, तिच्यात स्ट्रॉचा तुकडा ओवला आणि त्याला पाण्याची छोटी बाटली टांगली. भरलेली बाटली सरसर पलीकडे गेली. रिकामीही गेली, जरा हळू. मग चिऊने समोर टेबलफॅन लावला. भरलेली गेली, रिकामी मधेच थांबून डुलत राहिली. तिने रिकाम्या बाटलीला रुमाल बांधून पाहिला, ती आणखीच अलीकडे थांबली. मी भेटायला गेलो तेव्हा तिने मलाही हे सगळं करून दाखवलं, फॅनचं बटण मला दाबू दिलं नाही.

पुन्हा झिपलाइन करणार का, असं मी तिला विचारलं नाही. तिच्या घरचेही विचारत नाहीत.

केंद्रावर जानेवारीअखेर वजनकाटा आला आहे. फलकावर किमान ३५ किलो असं रंगवलं आहे, त्याखालच्यांनी फक्त जोडीने, आणि लाल पट्टी आडवी झाली की तेही बंद. बचावाची पिशवी आता खालच्या फलाटावर खिळ्याला टांगलेली असते, कुलपाविना. माझ्यासमोर त्यांनी वाळूचं पोतं अडकवून सराव केला: शिट्टीपासून पोतं फलाटावर येईपर्यंत नऊ मिनिटं. मनोऱ्यावरच्या पोराला मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की वर तुझा शब्द शेवटचा, माझ्या पाहुण्यालाही नाही म्हण.

जोडीच्या फेरीचे दोनशे रुपये मात्र अजून आहेत. मालकांचं म्हणणं, माणूस अडकून पडतो, त्याचा वेळ जातो, पगार कुठून द्यायचा? अडचण खरी आहे. मी त्यांना सुचवलं की सगळ्यांच्याच तिकिटात दहा-वीस रुपये वाढवा आणि हे दोनशे काढून टाका, नाहीतर पुढच्या वाऱ्यात पुढचे बाबाही तेच ऐकतील. विचार करतो म्हणाले. मार्चमध्ये सरावासाठी पुन्हा जाणार आहे, तेव्हा आधी तो फलक बघेन.